बंद पाकीट आणि मधले हात

मेसेज पोचला होता. कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, उघडलं होतं. आतला मजकूर अक्षरन् अक्षर बरोबर होता. तरी घेणारा सर्व्हर एकच पालुपद लावून बसला होता: डिजिटल सही जुळत नाही.

दोन दिवस आम्ही चाव्या तपासल्या, सर्टिफिकेटं तपासली, दोन्हीकडची घड्याळं तपासली. पाठवणारे म्हणत, आमच्याकडून निघाला तेव्हा सही ठीक होती. घेणारे म्हणत, आमच्याकडे आला तेव्हा नव्हती. दोघंही खरं बोलत होते. शेवटी निघतानाचा आणि पोचतानाचा मेसेज बाइटवार शेजारी मांडला, तेव्हा फरक दिसला: नव्या ओळी आणि काही स्पेस. मधल्या एका गेटवेने, म्हणजे मेसेज पुढे पाठवणाऱ्या यंत्राने, एक्सएमएल (टॅगांच्या खुणांत मांडलेला मजकूर) वाचायला सुटसुटीत दिसावं म्हणून, ते नीट इंडेंट करून, म्हणजे ओळी आत सरकवून, पुढे पाठवलं होतं. त्याला आतलं काही वाचता येत नव्हतं आणि वाचायचंही नव्हतं. त्याने आपलं आवरून ठेवलं, इतकंच.

एन्क्रिप्शन म्हटलं की डोळ्यांपुढे तीन पात्रं येतात: पाठवणारा, घेणारा आणि मध्ये टपलेला चोर. वेब सर्व्हिसच्या (इंटरनेटवरून दुसऱ्या प्रोग्रॅमचं काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वाटेवर मात्र चोराच्या आधी भेटते ती कामाची मंडळी. कुणी मेसेज कुठे न्यायचा ते ठरवतं, कुणी पाठवणाऱ्याची ओळख तपासतं, कुणी नोंद ठेवतं. त्यांना वगळून मेसेज पोचत नाही, आणि त्यांना सगळं दाखवलं तर एन्क्रिप्शनला अर्थ उरत नाही. म्हणून कुठला अल्गोरिदम, किती बिटांची चावी हे प्रश्न माझ्या लेखी दुसऱ्या नंबरचे. पहिला प्रश्न हा की मधल्या कुणाला काय दिसायलाच हवं, आणि कशाला कुणी हात लावता कामा नये.

ब्राउझरमधलं कुलूप कुठे संपतं

"आमचं सगळं एचटीटीपीएसवर आहे, मग आणखी एन्क्रिप्शन कशाला?" हे मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, आणि विचारणारा अडाणी नसतो.

एचटीटीपीएसच्या मागे टीएलएस नावाची व्यवस्था आहे. ती दोन यंत्रांमधल्या जोडणीला कुलूप लावते, मेसेजला नाही. फरक बारीक वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. जोडणी जिथे संपते तिथे मेसेज उघडा होतो, आणि ती तुमच्या खऱ्या सर्व्हिसपाशीच संपते असं गृहीत धरता येत नाही. मोठ्या व्यवस्थेत आधी सीडीएन (वापरणाऱ्याजवळच्या सर्व्हरांचं जाळं) लागतो, मग लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक यंत्रांत वाटणारा), मग एपीआय गेटवे, कधी मध्ये एखादी मेसेज क्यू (थांबलेल्या मेसेजची रांग), आणि मग कुठे ती सर्व्हिस. यांतला जवळजवळ प्रत्येक जण टीएलएस उघडतो, आत बघतो, आपलं काम करतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवं कुलूप लावतो. वाटेवर डेटा बंद, पण प्रत्येक थांब्यावर त्या यंत्राच्या मेमरीत तो उघडाच. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ ने वाटेवरचं कुलूप आणखी भक्कम केलं. थांब्यावरची परिस्थिती बदलणं हे त्याचं कामच नव्हतं.

थांब्यावर उघडं पडणं किती महागात जातं, ते फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसलं. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य साइट्ससाठी हेच मधल्याचं काम करते. तिच्या सर्व्हरवर एचटीएमएल वाचणाऱ्या कोडमध्ये एक चूक होती. ठरावीक तऱ्हेचं मोडकं पान समोर आलं की तो कोड आपल्या बफरची हद्द ओलांडून पुढची मेमरी वाचायचा आणि ती उत्तरात मिसळून पाठवून द्यायचा. त्या मेमरीत दुसऱ्याच साइट्सच्या कुकीज, पासवर्ड, टोकन असत. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांच्या हे लक्षात आलं, तोवर काही तुकडे सर्च इंजिनांच्या कॅशमध्ये जाऊन बसले होते. वाटेवरचं एचटीटीपीएस यात कुठेच कमी पडलं नव्हतं. कुलूप कुणी तोडलं नव्हतं. मधल्याने ते रीतसर उघडलं होतं, आणि सांडलं ते त्याच्या ओंजळीतून.

म्हणून जोडणीच्या कुलपाखेरीज मेसेजलाच वेगळं कुलूप लावायची कल्पना आली. मग मेसेज कितीही थांब्यांवरून जावो, क्यूमध्ये कितीही वेळ पडून राहो, ज्याच्याकडे चावी त्यालाच तो उघडणार. इथवर कुणाचंच दुमत नसतं. भांडणं यापुढे सुरू होतात.

कुणाला किती दाखवायचं

एक साधा ऑर्डरचा मेसेज घेऊ. त्यात ऑर्डरचा क्रमांक आहे, ग्राहकाचा पत्ता आहे, कार्डाचा नंबर आणि रक्कम आहे. वाटेत एक गेटवे. पुढे पैशांचं बघणारी एक सर्व्हिस आणि माल रवाना करणारी दुसरी. गेटवेला हा मेसेज कसला आणि कुठे न्यायचा एवढं कळलं तरी पुरे. पैसेवालीला कार्ड आणि रक्कम हवी, पत्त्याशी तिला कर्तव्य नाही. मालवालीला पत्ता हवा, कार्डाचा नंबर तिच्या नजरेसही पडू नये. आता सगळा मेसेज एका चावीने बंद केला तर काय होईल? ती चावी तिघांना दिली तर तिघांनाही सगळं दिसेल. नाही दिली तर गेटवेच्या हाती नाव-गाव नसलेलं पाकीट येईल, आणि तो ते परत पाठवेल किंवा फेकून देईल.

हा पेच एक्सएमएलच्या काळातल्या लोकांनी फार बारकाईने सोडवला होता. आज एक्सएमएलचं नाव काढलं की नवी मंडळी नाकं मुरडतात. शब्दबंबाळपणाबद्दल त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण मधल्यांचा इतका सरळ विचार त्यानंतर क्वचितच कुणी केला असेल.

त्या काळची मेसेजची पद्धत म्हणजे एसओएपी, बोलताना 'सोप'. तिची १.२ ही आवृत्ती २००३ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची अधिकृत शिफारस झाली. मेसेजच्या सगळ्यांत बाहेरच्या टॅगचं नावच 'एन्व्हलप', म्हणजे पाकीट. पाकिटात दोन भाग: हेडर आणि बॉडी. गंमत हेडरमध्ये आहे. त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर तो कुणासाठी आहे ते लिहिता येतं. याला 'रोल' म्हणतात, १.१ मध्ये त्याचं नाव 'ॲक्टर' होतं. 'नेक्स्ट' लिहिलं तर वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक मधल्यासाठी. 'अल्टिमेट रिसीव्हर' म्हणजे शेवटच्या घेणाऱ्यासाठी, आणि काहीच लिहिलं नाही तरी तोच अर्थ. मधल्याने आपल्यासाठीचा तुकडा वाचला की पुढे पाठवताना तो काढून टाकायचा. एखाद्या तुकड्यावर 'मस्ट अंडरस्टँड' असा शिक्का असेल आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याला तो कळला नाही, तर त्याने "असू दे" म्हणून पुढे जायचं नाही. तिथेच थांबून चूक कळवायची. सुरक्षेचा तुकडा न कळताच मेसेज पुढे रेटला गेला तर काय होईल, याचा विचार केला की या शिक्क्याची किंमत कळते.

एक्सएमएल एन्क्रिप्शनचे नियम डिसेंबर २००२ मध्ये आले. त्यातली मुख्य सोय ही की अख्खं पाकीट बंद करावं लागत नाही. एखादा टॅग, किंवा टॅग तसाच ठेवून फक्त त्याच्या आतला मजकूर, उचलायचा आणि त्याच्या जागी 'एन्क्रिप्टेड डेटा' नावाची बंद पेटी ठेवायची. आपल्या ऑर्डरमध्ये ऑर्डरचा क्रमांक उघडा राहील, कार्ड आणि रकमेच्या जागी एक पेटी, पत्त्याच्या जागी दुसरी. पुढे २००४ मध्ये ओएसिस या संस्थेने डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक मंजूर केलं. पेट्यांच्या चाव्यांची माहिती हेडरमध्ये कशी ठेवायची ते त्यात ठरलं: प्रत्येक वाचणाऱ्यासाठी स्वतंत्र सुरक्षा-हेडर, आणि एकाच रोलसाठी दोन चालणार नाहीत.

चावी पोचवायची कशी, हेही इथेच बघून घेऊ. घेणाऱ्याची पब्लिक की, म्हणजे फक्त बंद करायची चावी, जगजाहीर असते (उघडायची चावी त्याच्यापाशीच), पण तिनेच सगळा मजकूर बंद करता येत नाही. आरएसए या पब्लिक कीच्या पद्धतीत २०४८ बिटांच्या चावीत एका वेळी अडीचशे बाइटही मावत नाहीत, आणि ते काम संथही आहे. म्हणून दर मेसेजला एक ताजी, यादृच्छिक एईएस चावी (हिनेच बंद करायचं, हिनेच उघडायचं) बनवायची, मजकूर तिने बंद करायचा, आणि ती छोटी चावी घेणाऱ्याच्या पब्लिक कीने गुंडाळून मेसेजसोबतच पाठवायची. यातून एक फायदा आपसूक मिळतो. तोच मजकूर दोघांना वाचू द्यायचा असेल तर तो एकदाच बंद करायचा, आणि चावी दोनदा गुंडाळायची, दोघांसाठी वेगवेगळी. मजकूर कितीही मोठा असला तरी दुसऱ्या वाचकासाठी वाढतात ते जेमतेम काहीशे बाइट.

आता जे उघडं ठेवलं त्याचं काय? उघडं आहे म्हणजे मधल्याला दिसतं, पण ते खरं आहे हे कशावरून? बाहेर लिहिलंय 'चौकशी' आणि आतल्या पेटीत आहे 'बदल करा', अशी गाठ पडली तर गेटवे चौकशीची परवानगी बघून मेसेज आत सोडतो आणि सर्व्हिस बदल करून मोकळी होते. दोघांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. हे टाळायला आधुनिक एन्क्रिप्शनमध्ये, उदाहरणार्थ एईएस-जीसीएममध्ये, चांगली सोय आहे. बंद करताना काही मजकूर 'सोबतचा' म्हणून द्यायचा. तो बंद होत नाही, सगळ्यांना दिसतो, पण पेटीशी बांधला जातो. वाटेत त्यातलं एक अक्षर बदललं तरी पेटी उघडत नाही. मात्र बांधलेलं बाहेरचं आणि आतलं एकमेकांशी जुळतंय का, हे शेवटच्या सर्व्हिसने स्वतः ताडून बघायचंच असतं. ते काम एन्क्रिप्शनचं गणित करून देत नाही, आणि नेमकं तेच लिहायचं राहून गेलेलं मी अनेकदा पाहिलंय.

एक गोष्ट कुठल्याच कुलपात मावत नाही, ती म्हणजे मेसेजची लांबी. उत्तर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' एवढंच असेल, तर पेटी न उघडताही तिच्या आकारावरून पुष्कळ काही कळू शकतं.

आधी सही की आधी कुलूप

सही आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी. कुलूप मजकूर लपवतं. सही तो कुणी लिहिला आणि वाटेत बदलला नाही हे सांगते. बहुतेक ठिकाणी दोन्ही हवं असतं. मग आधी काय करायचं?

आधी सही, मग कुलूप हा क्रम स्वाभाविक वाटतो. कागदावर सही करून आपण तो पाकिटात घालतो, तसंच हे. पण २००१ मध्ये डॉन डेव्हिस यांनी या क्रमातली एक फट उघड करून दाखवली. समजा पाठवणाऱ्याने "मला तुमचा प्रस्ताव मान्य आहे" असं लिहून सही केली आणि ते एका कंपनीच्या चावीने बंद करून पाठवलं. त्या कंपनीने पेटी उघडली, सही केलेला मजकूर तसाच उचलला, तिसऱ्याच कुणाच्या चावीने बंद केला आणि त्याला पाठवला. तिसऱ्याला दिसतं काय? खरी सही, खरा मजकूर, आणि बंद पेटी थेट त्याच्या नावाने आलेली. त्याचा प्रस्ताव मान्य झाला, असं त्याने का समजू नये? उपाय साधा आहे: कुणासाठी लिहिलंय ते सहीच्या आतच लिहायचं. साधा आहे म्हणूनच बहुधा विसरला जातो.

याच क्रमात आणखी एक मेख. सहीत मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, असतो. मजकूर पेटीत लपवला पण सहीचा तुकडा हेडरमध्ये उघडाच ठेवला, तर मधला माणूस अंदाज बांधून तपासू शकतो. आत 'हो' किंवा 'नाही' एवढंच असेल, तर दोन्हींचे हॅश काढायचे आणि कुठला जुळतो ते बघायचं. पेटीला हातही न लावता उत्तर मिळालं. म्हणून अशा वेळी सहीचा तुकडाही बंद करावा लागतो.

उलटा क्रम, म्हणजे आधी कुलूप आणि वरून सही, मधल्यांच्या फार सोयीचा. गेटवे पेटी न उघडता सही तपासून खोटा माल दारातूनच परत लावू शकतो. पण वरची सही सोलून काढून त्या जागी स्वतःची चिकटवणं त्यात सोपं होतं, आणि सही करणाऱ्याला आतलं ठाऊक होतं का हे त्या सहीवरून सिद्ध होत नाही. माझा कल पहिल्या क्रमाकडे आहे, घेणाऱ्याचं नाव सहीच्या आत ठेवून. गेटवेला तपासणी हवीच असेल तर त्याच्यासाठी बाहेरून वेगळी सही करावी.

सुरुवातीच्या आमच्या प्रसंगात पहिलाच क्रम होता. मग पेटी नीट उघडूनही सही का मोडली? सही होती अख्ख्या बॉडीवर. पाठवणाऱ्याने बॉडीच्या टॅगला चिकटून मजकूर लिहिला, सही केली, मग मजकुराच्या जागी पेटी ठेवली. गेटवेने पेटीच्या आधी आणि नंतर नव्या ओळी घातल्या, इंडेंटसाठी स्पेस दिल्या. घेणाऱ्याने पेटी उघडून मूळ मजकूर जागच्या जागी ठेवला, पण भोवतीच्या त्या ओळी आणि स्पेस बॉडीतच राहिल्या. सही तपासण्याआधी एक्सएमएलला एका ठरलेल्या रूपात आणायची पद्धत आहे. ती ॲट्रिब्यूटांचा क्रम, अवतरणचिन्हांचे प्रकार असले फरक मिटवते. टॅगांमधली मोकळी जागा मात्र ती मजकूरच मानते, कारण ती खरोखर मजकूर असू शकते. एक स्पेस वाढली, हॅश पार बदलला.

वाचता न येणाऱ्याचे उपद्व्याप

आमचा गेटवे भोळा होता. मधला जर डांबिस असेल तर पेटी उघडता येत नसतानाही तो काय करू शकतो, याची २०११ साली झोप उडवणारी हकिगत समोर आली. जर्मनीतल्या रूर विद्यापीठाचे टिबोर यागर आणि युराय सोमोरोव्स्की यांनी दाखवलं की एक्सएमएल एन्क्रिप्शनमधल्या तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीने बंद केलेला मजकूर चावीशिवाय वाचता येतो, आणि त्यासाठी दर बाइटला सरासरी फक्त १४ विनंत्या पुरतात.

हे कसं घडतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. त्या पद्धतीचं नाव सीबीसी. त्यात मजकुराचे ठरावीक लांबीचे ठोकळे पडतात आणि प्रत्येक ठोकळा आधीच्या बंद ठोकळ्याशी साखळीसारखा गुंफलेला असतो. त्यामुळे बंद मेसेजमधल्या एका ठोकळ्याचा एक बिट उलटवला, तर उघडल्यावर पुढच्या ठोकळ्यातला नेमका तोच बिट उलटतो. हल्लेखोराला आत काय आहे माहीत नाही, पण आत नेमका कुठे धक्का द्यायचा ते त्याच्या हातात आहे. तो धक्का देऊन मेसेज सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर पेटी उघडतो आणि आतलं एक्सएमएल म्हणून वाचू बघतो. धक्क्याने एखादं अक्षर एक्सएमएलमध्ये न चालणारं झालं असेल तर एक प्रकारची चूक येते. चालणारं असेल तर वेगळं काहीतरी. बस, त्या दोन उत्तरांतल्या फरकावरून त्या अक्षराबद्दल थोडं कळलं. परत धक्का, परत प्रश्न. सर्व्हर स्वतःच्या तोंडाने, हो-नाहीत, गुपित सांगत राहतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे धक्का लागलेली पेटी मुळात उघडूच नये. एईएस-जीसीएम तेच करतं, आणि २०१३ मध्ये आलेल्या एक्सएमएल एन्क्रिप्शन १.१ मध्ये त्याचा समावेश झाला. चूक कळवणारे सगळे संदेश एकसारखे ठेवणं हा वरचा मुलामा. करावा, पण त्यावर विसंबू नये. उत्तराला लागलेला वेळही चुगली करतो.

दुसरा उपद्व्याप याहून जुना. आयबीएममधल्या दोन संशोधकांनी तो २००५ साली मांडला. एक्सएमएलमधली सही "अमुक आयडी असलेल्या टॅगवर माझी सही आहे" असं सांगते. तो टॅग मेसेजमध्ये कुठे असायला हवा ते सांगत नाही. मधल्याने सही केलेली खरी बॉडी उचलून हेडरच्या एका कोपऱ्यात सरकवली आणि तिच्या जागी स्वतःची बनावट बॉडी ठेवली, तर? सही तपासणारा कोड आयडी शोधत कोपऱ्यातली खरी बॉडी गाठतो आणि "ठीक" म्हणतो. काम करणारा कोड नेहमीच्या जागी जाऊन बनावट बॉडी वाचतो. म्हणून जो भाग तपासला नेमका तोच भाग पुढे वापरायचा, पुन्हा शोधायला जायचं नाही.

तिसरा तर अगदीच बाळबोध: बंद पेटी जशीच्या तशी पुन्हा पाठवणं. म्हणून सहीच्या आत वेळ आणि मेसेजचा क्रमांक ठेवतात आणि घेणारा आधी येऊन गेलेले क्रमांक लक्षात ठेवतो. फक्त एक सांभाळायचं. नेटवर्क अडखळलं की मधला प्रामाणिक गेटवेही तोच मेसेज पुन्हा पाठवतो. त्याला चोर ठरवून ओरडू नका. आधीचंच उत्तर शांतपणे परत द्या.

जेसनवाल्यांनी काय वेगळं केलं

२०१५ मध्ये जेसनसाठी, म्हणजे एक्सएमएलहून आटोपशीर अशा मांडणीसाठी, जेडब्ल्यूई हे एन्क्रिप्शनचं मानक आलं. ते बनवणाऱ्यांनी एक्सएमएलचे हाल पाहिले होते हे त्याच्या रचनेवरून कळतं. मजकूर 'ठरलेल्या रूपात' आणायचा नादच त्यांनी सोडला. बंद मेसेज म्हणजे टिंबांनी जोडलेले पाच भाग: हेडर, गुंडाळलेली चावी, सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, बंद मजकूर आणि शेवटी छेडछाड पकडणारा टॅग. पाचही भाग बेस६४ मध्ये (कुठलेही बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत), सलग एका ओळीत. इंडेंट करायला जागाच नाही. हेडर वाचता येतं पण पेटीशी बांधलेलं असतं, म्हणजे वर सांगितलेली 'सोबतच्या मजकुरा'ची सोय इथे अंगभूत आहे. याची किंमत म्हणजे आकार. बेस६४ मध्ये ३ बाइटांचे ४ होतात. पेटीत पेटी घातली तर मजकूर पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि मग एखाद्या निवांत दिवशी गेटवेची आकारमर्यादा आडवी येते.

एचटीटीपीच्या हेडरांचं दुखणं वेगळं. ती वाटेतले प्रॉक्सी, म्हणजे मधले सर्व्हर, बदलणारच. काहींमध्ये भर घालणं हे तर त्यांचं कर्तव्यच आहे. फेब्रुवारी २०२४ मधल्या आरएफसी ९४२१ या इंटरनेट मानकाने हे सरळ मान्य केलं. सही करणारा नेमके कुठले भाग सहीखाली आहेत त्याची यादीच देतो. बाकीचं मधल्यांनी खुशाल बदलावं. घेणाऱ्याने मात्र आपल्याला हवे ते भाग त्या यादीत आहेत ना, हे बघायचं. रिकाम्या यादीवरची सहीसुद्धा गणिताने खरीच असते.

त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑब्लिव्हियस एचटीटीपी आलं. मला या सगळ्यांत ते सर्वांत आवडतं. त्यात मुद्दाम दोन मधले ठेवलेत. पहिल्याला कोण विचारतंय ते कळतं पण काय ते दिसत नाही, कारण मजकूर दुसऱ्याच्या चावीने बंद आहे. दुसऱ्याला काय ते दिसतं पण विचारणारा कोण ते कळत नाही, कारण त्याच्याकडे विनंती येते ती पहिल्याच्या पत्त्यावरून. दोघांनी संगनमत केलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून ते दोघं वेगवेगळ्या मालकांचे असावे लागतात.

लॉग, क्यू आणि जुन्या चाव्या

कागदावर चोख असलेली व्यवस्था प्रत्यक्षात कुठे गळते? माझ्या पाहण्यात बहुतेकदा लॉगमध्ये. कुणीतरी अडचण शोधताना पेटी उघडल्यावरचा मजकूर लॉगमध्ये छापतो, अडचण सुटते, ओळ तशीच राहते. मग लॉग गोळा करणाऱ्या यंत्रणेत, तिच्या बॅकअपमध्ये तो मजकूर वर्षानुवर्षं उघडा पडून असतो. गेटवेला "फक्त स्कीमा तपासण्यापुरती" (मेसेजची ठरलेली रचना बघण्यापुरती) चावी देणं हाही त्याच जातीचा प्रकार. एकदा चावी दिली की गेटवे घेणारा झाला, मधला उरला नाही, आणि त्याचे लॉग, त्याचे ॲडमिन, त्याचे बॅकअप हे सगळं तुमच्या गुपिताच्या हद्दीत आलं.

क्यूची गंमत निराळी. मेसेज न उचलला जाता आठवडाभर पडून राहतो. दरम्यान चावी बदलायची तारीख येते, जुनी चावी शिस्तीत पुसली जाते, आणि तो मेसेज कायमचा ठोकळा होऊन बसतो. म्हणून पेटीच्या हेडरमध्ये कुठल्या चावीने बंद केलंय त्याची खूण असायलाच हवी, आणि जुनी चावी किमान सगळ्यांत लांब क्यूच्या मुदतीपर्यंत जपायला हवी. अडकलेले मेसेज ज्या बाजूच्या क्यूत टाकले जातात तिची मुदतही यात धरायची. ती धरायला विसरणारा मीच होतो.

त्या गेटवेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सेटिंगमधला एक पर्याय बंद केला, मेसेज बाइट न् बाइट जसाच्या तसा पुढे जाऊ लागला, सही जुळली. गेटवे सांभाळणारा म्हणाला, "आम्ही तर चांगलं दिसावं म्हणून केलं होतं."

तेव्हापासून नवी साखळी जोडायची असली की पहिला चाचणीचा मेसेज मी एन्क्रिप्ट करतच नाही. तो मुद्दाम गबाळा बनवतो. नको तिथे दोन स्पेस, मधेच रिकामी ओळ, कुठेच न वापरलेला नेमस्पेस (टॅगांच्या नावांचा गट), शेवटी एक ओघळलेला टॅब. आणि एक 'ऱ', 'दुसऱ्या'तला. हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोडने लिहिता येतं, तसंच 'र' आणि त्याखालचा नुक्ता असं दोन कोडनेही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. मी दोन कोडवाला टाकतो. वाटेत कुणी मजकूर 'शुद्ध' करून देत असेल तर पलीकडे तो एका कोडचा होऊन निघतो, आणि कुणाला फोन करायचा ते कळतं.